चौकोन आणि उभी रेघ : ‘चोंग’ या चिनी अक्षराविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच चिनी अक्षराभोवती फिरणारी असल्यामुळे हे सदर त्या एका अक्षरालाच दिले आहे.

प्रश्न : उरणजवळ द्रोणागिरी परिसरातील एका गोदामात मी मालाची नोंद ठेवतो. न्हावा-शेवा बंदरातून येणाऱ्या खोक्यांवर एक अक्षर वारंवार दिसते : बसका चौकोन आणि त्याच्या मधोमध वरून खालपर्यंत गेलेली उभी रेघ. प्लास्टिकच्या डब्यांच्या खोक्यांवर ते एकटेच असते, उत्पादक देशाच्या ओळीत ते सुरुवातीला असते आणि कीटकनाशकाच्या एका लेबलवर तर ते दोन ठिकाणी आढळले. फोनचा कॅमेरा धरला की कधी ‘मध्यम’, कधी ‘चीन’ आणि कधी ‘विषबाधा’ असा अर्थ येतो. यातले खरे काय? मला चिनी येत नाही, पण हे एक अक्षर तरी नीट शिकता येईल का? (एक वाचक, उरण)

उत्तर : शिकता येईल, आणि आपण निवडलेले अक्षर त्यासाठी फार चांगले आहे. फोनने दिलेले तीनही अर्थ खरे आहेत. मात्र त्यांतले ‘चीन’ आणि ‘विषबाधा’ हे सुट्या अक्षराचे अर्थ नसून ते अक्षर ज्या शब्दात आले त्या शब्दांचे अर्थ आहेत. चिनी अक्षर आपल्या ‘क’ किंवा ‘म’ सारखे केवळ ध्वनी दाखवत नाही. ते एक पूर्ण उच्चार आणि बहुधा त्याबरोबर एक अर्थ सांगते, आणि आजच्या चिनी भाषेतील पुष्कळसे शब्द अशी दोन अक्षरे जोडून झालेले असतात. त्यामुळे शेजारी कोण बसले आहे हे पाहिल्यावाचून अर्थ ठरत नाही.

डब्यांच्या खोक्यापासून सुरुवात करू, कारण तेथे हे अक्षर एकटे आहे. चीनमध्ये आकारमान सांगताना ता, चोंग, श्याओ म्हणजे मोठा, मध्यम, लहान अशी तीन अक्षरे वापरतात. आपल्या गोदामातील इतर खोके पाहिल्यास हात पसरून उभ्या असलेल्या माणसासारखे ‘ता’ आणि मध्ये खाली आकडीसारखी वळलेली उभी रेघ व तिच्या दोन बाजूंना एकेक ठिपका असे ‘श्याओ’ बहुधा सापडेल. देशाच्या ओळीत चोंगच्या पुढे चारही बाजूंनी बंद असलेले एक अक्षर येते, ते ‘क्वो’ म्हणजे देश, आणि ‘चोंगक्वो’ म्हणजे चीन. या दोन्ही ठिकाणी मूळ अर्थ एकच, मध्य. दुपारचे बारा म्हणजे चोंगवू, केंद्र म्हणजे चोंगशिन, माध्यमिक शाळा म्हणजे चोंगश्युए हे शब्दही त्यातूनच आले आहेत, आणि मराठी वाचकाला ते समजावून सांगण्याची गरज नाही, कारण मध्यान्ह, मध्यवर्ती, माध्यमिक अशी आपलीही शब्दरचना त्याच वाटेने गेलेली आहे.

मध्य या अर्थाची आणखी एक बाजू आहे आणि ती इंग्रजीतून चिनी शिकणाऱ्यांना अवघड जाते, तर आपल्याला सोपी वाटावी. नामाच्या मागे लागून हे अक्षर ‘-मध्ये’ किंवा ‘-त’ चे काम करते : मनात, हातात, पाण्यात, वाटेत. मराठीप्रमाणेच येथे नाम आधी आणि ‘मध्ये’ नंतर येते. बोलताना घरात, पेटीत अशा साध्या जागेसाठी ‘ली’ हे दुसरे अक्षर अधिक वापरले जाते, आणि चोंग लिखित भाषेत किंवा अमूर्त गोष्टींबरोबर जास्त शोभते, इतका फरक लक्षात ठेवावा. हेच अक्षर एखाद्या क्रियेच्या मागे आले की ती क्रिया चालू असल्याचे सांगते. घोडबंदर रस्त्यावर मेट्रोच्या खांबांपाशी जसे ‘काम चालू आहे’ असे फलक दिसत आले आहेत, तसा फलक चीनमध्ये लावायचा झाल्यास ‘बांधकाम’ या शब्दानंतर फक्त चोंग लिहिले की पुरते. उघड्या दुकानाच्या दारावर ‘व्यवहार’ या शब्दानंतर तेच अक्षर येते.

आता विषबाधेकडे येतो. येथे मध्याचा संबंध जोडू नये, कारण तो जुळत नाही. या एका अक्षराखाली दोन शब्द राहतात. पहिल्याचा उच्चार वरच्या, सपाट सुरात (चिनी भाषेतील चार सुरांपैकी पहिल्या) होतो आणि त्याचा अर्थ मध्य. दुसऱ्याचा सूर वरून झपकन खाली येतो (हा चौथा सूर) आणि तो शब्द क्रियापद आहे. शब्दकोशात या क्रियापदाचे अर्थ नेम बसणे, फटका बसणे, बाधणे, मिळणे असे विखुरलेले दिसतात आणि शिकणारा गोंधळतो. माझे स्पष्ट मत आहे की मराठी माणसाने ती यादी बाजूला ठेवून ‘लागणे’ हे एक क्रियापद हाताशी धरावे. लॉटरी लागते, ऊन लागते, बाण लागतो. या तिन्ही ठिकाणी चिनीत हेच अक्षर चौथ्या सुरात येते. लॉटरी लागणे म्हणजे चोंगच्यांग, ऊन लागणे म्हणजे चोंगषू, विषबाधा होणे म्हणजे चोंगतू. नेम धरून मारलेली वस्तू लक्ष्याला लागली की ‘ताचोंग’ म्हणतात, आणि दुकानात पाहताक्षणी एखादी वस्तू मनात भरली की ‘खानचोंग’, म्हणजे पाहिले आणि लागले. या सर्वांत समान धागा असा की बाहेरून आलेली गोष्ट, चांगली असो वा वाईट, नेमकी येऊन भिडते.

त्यातही एक शब्द मला विशेष वाटतो. मेंदूतील रक्तपुरवठा बिघडून येणाऱ्या झटक्याला चिनीत ‘चोंगफंग’ म्हणतात. फंग म्हणजे वारा. म्हणजे शब्दशः वारा लागणे. आपल्याकडे पक्षाघात झालेल्या माणसाविषयी ‘अंगावरून वारे गेले’ असे म्हणतात आणि आयुर्वेदही पक्षाघाताची गणना वातव्याधींत करतो. दोन देशांच्या जुन्या वैद्यकाने या आजाराचे कारण वाऱ्यातच पाहिले, आणि आज वैद्यकाची समजूत बदलली तरी दोन्ही भाषांत शब्द तसेच राहिले.

‘लागणे’ ला अर्थातच मर्यादा आहे. भूक लागणे, झोप लागणे, वेळ लागणे यांसाठी हे अक्षर चालत नाही. तेथे चिनीत अगदी निराळे शब्द आहेत. बाहेरून येऊन भिडणारे जे, तेवढ्यापुरतेच हे साधर्म्य घ्यावे.

आपल्या लेबलवरची दोन ठिकाणे आता पुन्हा पाहावीत. चीनमध्ये कीटकनाशकांच्या लेबलवर विषारीपणाची श्रेणी छापावी लागते आणि अशा पाच श्रेण्या आहेत. त्यांपैकी मधली श्रेणी ‘चोंगतंगतू’, म्हणजे मध्यम विषारी. त्याच लेबलवर विषबाधा झाल्यास करायच्या प्रथमोपचारांचा मजकूर असतो आणि त्याच्या मथळ्याची सुरुवात ‘चोंगतू’ ने होते. म्हणजे एका कागदावर काही ओळींच्या अंतराने तेच अक्षर, त्याच्या पुढे तेच विषाचे अक्षर, आणि तरीही एकीकडे सपाट सुरातला ‘मध्यम’, तर दुसरीकडे उतरत्या सुरातले ‘लागणे’. फरक इतकाच की पहिल्या ठिकाणी दोन्हींच्या मध्ये श्रेणी दाखवणारे ‘तंग’ हे अक्षर आहे. हे अक्षर आपल्याला ओळखता आले तरी अशा मालाच्या हाताळणीबाबत निर्णय घेताना सोबत आलेली सुरक्षा-माहितीची कागदपत्रेच प्रमाण मानावीत, हे आवर्जून सांगतो.

सूर कसा ओळखावा याचा ठोकताळा असा आहे. चोंग नामाच्या मागे आले असेल तर पहिला सूर. पाहणे, मारणे, निवडणे अशा एकाक्षरी क्रियापदाच्या मागे परिणाम म्हणून आले असेल तर चौथा. बांधकाम, वापर, वाहतूक अशा दोन अक्षरी क्रियेच्या मागे ‘चालू’ या अर्थाने आले असेल तर पुन्हा पहिला. आणि शब्दाच्या आरंभी असून त्यापुढे विष, ऊन, बक्षीस, बाण असे काही असेल तर चौथा. हा ठोकताळा नेहमीच्या शब्दांना पुरतो. वहीत मात्र ‘चोंग = मध्य’ अशी एकच नोंद करू नये. दोन पाने घ्यावीत, एकावर मध्य आणि मध्ये, दुसऱ्यावर लागणे, आणि खोक्यांवर जो नवा शब्द सापडेल तो अख्खा उतरून योग्य पानावर लिहावा. गोदामात बसून शिकणाऱ्याला ही सोय आहे की त्याची उदाहरणे त्याच्यासमोर रोज उतरवली जातात.

प्रश्न : मी ठाण्यात चिनी भाषेच्या प्राथमिक परीक्षेची तयारी करते. पुस्तकात या अक्षराचा उच्चार रोमन लिपीत झेड आणि एच वापरून दिला आहे, म्हणून आम्ही काही जणी ‘झोंग’ म्हणतो. दुसऱ्या काही जणी ‘चोंग’ म्हणतात. बरोबर काय? (एक विद्यार्थिनी, नौपाडा, ठाणे)

उत्तर : ‘चोंग’ अधिक जवळचे आहे, ‘झोंग’ नाही, कारण या व्यंजनात घोष नाही, म्हणजे ते उच्चारताना कंठात कंप होत नाही. चीनमध्ये १९५८ साली मंजूर झालेल्या रोमन लेखनपद्धतीत अक्षरे रोमन असली तरी त्यांची मूल्ये चिनी आहेत. तेथे रोमन बी म्हणजे आपला ‘प’ आणि रोमन पी म्हणजे ‘फ’. बीजिंग म्हणून आपण जे लिहितो त्याचा उच्चार ‘पेइचिंग’ च्या जवळ जातो. अल्पप्राण आणि महाप्राण हा भेद आपल्या वर्णमालेतच असल्यामुळे चिनी उच्चार देवनागरीतून शिकणे मला नेहमीच अधिक हितकारक वाटत आले आहे.

तरीही ‘चोंग’ मधला च कोणता, हा प्रश्न उरतो आणि तो मराठी माणसालाच पडू शकतो. ‘चार’ मधला च आणि ‘चाक’ मधला च आपण लिहितो सारखे, पण उच्चारतो वेगळे. चिनी भाषेत हे दोन्ही च आहेत आणि त्यांसाठी रोमन पद्धतीत वेगळी अक्षरेही आहेत : ‘चार’ सारखा तो जे, ‘चाक’ सारखा तो झेड. आपल्या अक्षरातला च हा तिसरा आहे. ‘ट’ म्हणताना जिभेचे टोक टाळूवर जिथे टेकते तिथे ते न्यावे आणि तेथूनच च म्हणावा. शेवटचा ध्वनी ‘अंग’ मधील अनुस्वारासारखा, पण पुढचा ग न उमटवता. स्वर ओ आणि उ यांच्या मधला, ओठ गोल करून. पहिल्या सुरात आवाज वरच्या पट्टीत धरून ठेवायचा आणि तो शेवटपर्यंत उतरू द्यायचा नाही. आपण वाक्याच्या शेवटी आवाज खाली सोडतो, त्या सवयीमुळे शिकणाऱ्यांचा पहिला सूर हमखास चौथ्याकडे झुकतो. चौथा सूर म्हणजे एखाद्याला ठामपणे ‘बस!’ म्हणताना आवाज जसा उतरतो तसा. ‘चोंगवू’ आणि ‘चोंगषू’, म्हणजे दुपार आणि ऊन लागणे, ही जोडी मोठ्याने म्हणून पाहावी. दोन्हींतल्या पहिल्या अवयवाचा सूर सोडून बाकीचे इतके सारखे आहे की सुराचा फरक कानाला आपोआप जाणवू लागतो.

प्रश्न : चिनी लोक स्वतःच्या देशाला ‘मध्यदेश’ म्हणतात म्हणजे ते स्वतःला जगाचा केंद्रबिंदू समजतात, असे एका चर्चेत ऐकले. या अक्षरावरून असा निष्कर्ष काढता येतो का? (एक वाचक, वाशी)

उत्तर : एका अक्षरावरून राष्ट्राच्या मनाचा निष्कर्ष काढू नये. नावाचा इतिहास मात्र सांगण्यासारखा आहे.

‘चोंगक्वो’ ही अक्षरजोडी ज्यावर सर्वांत आधी आढळते ते एक ब्राँझचे मद्यपात्र आहे, ‘ह त्सुन’ नावाचे. ते शान्शी प्रांतातील पाओची येथे १९६३ साली सापडले, आणि त्याच्या तळाशी आतल्या बाजूस १२२ अक्षरांचा लेख असल्याचे १९७५ साली साफसफाई करताना लक्षात आले. पात्र सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे, चौ राजवटीच्या आरंभीचे आहे. नवी राजधानी आजच्या लोयांगजवळ वसवली जात असताना, आपल्या वडिलांनी या मध्यभूमीत राहण्याचा संकल्प केला होता, असे राजा त्यात सांगतो. म्हणजे तेथे हा शब्द आजच्या देशाचे नाव नसून राज्याच्या मधल्या भूभागाचे वर्णन आहे. पुढील अनेक शतके राज्य त्या त्या घराण्याच्या नावाने ओळखले गेले. अधिकृत नावात हे अक्षर १९१२ च्या प्रजासत्ताकात आले आणि १९४९ च्या नावातही राहिले.

अक्षर त्याहूनही जुने आहे. आनयांग येथे कासवाच्या कवचांवर आणि गुरांच्या हाडांवर कोरलेल्या शकुनविषयक लेखांत ते दिसते. हे लेख म्हणजे प्राचीन लेखन आहे हे १८९९ साली विद्वानांच्या ध्यानात आले. तेथे उभ्या दांड्याच्या वर आणि खाली फडफडणाऱ्या पट्ट्या आहेत आणि मध्ये गोलसर खूण. लोकांना एकत्र जमवण्यासाठी मधोमध रोवलेले निशाण, असा त्याचा एक प्रचलित अर्थ लावला जातो, तर काही अभ्यासक त्यात सावली मोजण्याचा खांब पाहतात.

आपल्या वाचकांना यापुढची गोष्ट अधिक जवळची वाटेल. इ. स. ३९९ मध्ये छांगआनहून निघून भारतात आलेला बौद्ध भिक्षू फाशियन आपल्या प्रवासवृत्तात मथुरेच्या दक्षिणेकडील प्रदेशाला ‘चोंगक्वो’ म्हणतो. तो चीनविषयी बोलत नसून आपल्या ‘मध्यदेश’ या शब्दाचे भाषांतर करतो आहे. मनुस्मृतीत हिमालय आणि विंध्य यांच्या मधल्या, प्रयागाच्या पश्चिमेकडील प्रदेशाला मध्यदेश म्हटले आहे, आणि बुद्धाची भूमी हाच खरा मध्य, अशी त्या काळच्या बौद्धांची धारणा होती. एका चिनी माणसाने हे नाव सहजपणे भारताला दिले, एवढे त्या चर्चेत सांगता येईल.

वृत्तपत्रांतील मथळ्यांत चीनसाठी नुसते चोंग आणि भारतासाठी ‘यिन’ लिहितात, हेही आपल्या उपयोगाचे. चीनसाठी ‘ह्वा’ हे दुसरे अक्षरही आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनमध्ये गेले आणि १९४२ मध्ये तेथेच वारले. त्यांच्या मुलाचे नाव ‘यिनह्वा’ ठेवले गेले ते याच दोन अक्षरांनी, भारत आणि चीन. देशाच्या पूर्ण नावात चोंग आणि ह्वा ही दोन्ही अक्षरे लागोपाठ येतात.

प्रश्न : हे अक्षर लिहिताना रेघांचा क्रम महत्त्वाचा असतो का? आणि शब्दकोशात ते कुठे शोधावे? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : क्रम महत्त्वाचा असतो, कारण फोनवर बोटाने लिहितानाही क्रम बरोबर असल्यास अक्षर चटकन ओळखले जाते, आणि घाईच्या हस्ताक्षरात रेघा त्याच क्रमाने एकमेकींना जोडल्या जातात. एकूण रेघा चार. आधी डावीकडची लहान उभी रेघ. मग वरची आडवी रेघ, जी हात न उचलता कोपऱ्यात वळून खाली येते; ही एकच रेघ मोजतात. मग चौकोन बंद करणारी खालची आडवी रेघ. येथे थांबल्यास ‘खोउ’, म्हणजे तोंड, हे वेगळे अक्षर तयार होते. शेवटी मधोमध लांब उभी रेघ; आरपार जाणारी रेघ सहसा शेवटी. मुलांच्या गणिताच्या चौकटीच्या वहीतील चार चौकटी मिळून एक घर धरावे. उभी रेघ त्या घराच्या मधल्या ओळीवर तंतोतंत यावी, चौकोन उंचीपेक्षा रुंदीला अधिक आणि मध्यापेक्षा किंचित वर असावा, आणि रेघेचा खालचा भाग वरच्यापेक्षा लांब राहून टोकाशी सुईसारखा निमुळता व्हावा. रेघ जराशी जरी कलली तरी अख्खे अक्षर पडल्यासारखे दिसते, म्हणून ही चौथी रेघ सावकाश ओढावी.

सारखी दिसणारी अक्षरे जपून वाचावीत. चौकोनात आणखी एक आडवी रेघ असेल तर ते ‘षन’, अर्ज या शब्दातले. तशीच आडवी रेघ असून उभी रेघ खाली उजवीकडे वळली असेल तर ते ‘त्येन’, म्हणजे वीज. बॅटऱ्यांच्या खोक्यांवर ते हमखास असते.

१७१६ साली पूर्ण झालेल्या खांगशी शब्दकोशाने अक्षरे २१४ घटकांखाली लावली, आणि हे अक्षर त्यांतील दुसऱ्या घटकाखाली, म्हणजे एका उभ्या रेघेखाली, येते. पुष्कळ शब्दकोश आजही त्याच रीतीने चालतात. या अक्षराला १९५६ च्या लिपी-सुलभीकरणाने हात लावला नाही, त्यामुळे ते चीन, तैवान, हाँगकाँग आणि जपान येथे सारखेच दिसते. ते एकदा बसले की दुसऱ्या अक्षरांत उच्चाराचा सुगावा म्हणूनही उपयोगी पडते : त्याच्याखाली हृदयाचे चिन्ह आले की ‘चोंग’ म्हणजे निष्ठा, डावीकडे धातूचे चिन्ह आले की ‘चोंग’ म्हणजे घड्याळ, धान्याचे आले की तिसऱ्या सुरातला ‘चोंग’ म्हणजे बी. यांपैकी घड्याळ आणि बी ही दोन रूपे सुलभीकरणानंतरची आहेत; तैवानच्या मालावर त्यांची जुनी, अधिक रेघांची अक्षरे येतात आणि त्यांत आपला चौकोन-दांडा सापडणार नाही.